कातरणीचा कारभारी

कोमलनं चिमूटभर मीठ माऊलीच्या तळव्यावर चोळलं आणि त्याची मूठ घट्ट मिटवून दिली.

"आबा म्हणतील तवाच उघडायची. तवर न्हाई."

"मम्मी, चुरचुरून राहिलं."

"राहू दे. अन् शेवटचा हुकूम काय सांगायचा?"

माऊली नऊ वर्षांचा होता. कुणी काही विचारलं की उत्तर देण्याआधी बाप कुठं आहे, ते तो पाहून घ्यायचा. आताही त्यानं मेंढरांच्या वाडग्याच्या काटेरी कुंपणावरून पाहिलं. वैजनाथ लिंबाखाली पाठमोरा बसून कातरीला धार लावत होता.

"त्या शाळेत जाणार न्हाई," तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हणायचं. सगळ्यांम्होरं."

उद्या सकाळी सहाला सेनगावहून प्रेमदासची जीप येणार होती. माऊलीची पत्र्याची नवी पेटी भरून ओसरीवर ठेवली होती. शाळा लांबची, तिथंच राहायची, पहाटे चारला उठवणारी. वैजनाथनं ती मुद्दाम शोधून काढली होती. पोरगं बुजरं आहे, ताठ झालं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. कोमलनं पंधरा दिवसांत नाना तऱ्हेनं नको म्हणून पाहिलं. पण या घरात वैजनाथच्या गळ्यातली शिट्टी वाजली की बोलणं संपायचं. पहाटे पाचला एक शिट्टी, जेवायला दोन, रात्री आठला सगळ्यांचे मोबाईल डब्यात जमा करायला तीन. म्हाताऱ्या सासूचा, नर्मदाबाईंचासुद्धा.

वर्षातून एकच दिवस त्या शिट्टीला सुटी असायची. मृगाआधीच्या कातरणीचा दिवस.

मेंढरांची लोकर कातरायची म्हणजे मोठ्यांचे हात दिवसभर गुंतलेले. पाणी कुणी द्यायचं, बारदाना कधी सावलीत ओढायचा, जेवायला कधी बसायचं, हे सांगायला एक मोकळं माणूस लागतं, आणि त्या दिवशी मोकळं म्हणजे लेकरूच. माऊलीच्या आबांच्या, दगडोबांच्या आज्यापासून हा रिवाज चालत आला होता. पंधरा वर्षांच्या आतलं एक लेकरू कारभारी. शेवटचं मेंढरू कातरून होईपर्यंत घरातल्या प्रत्येकानं त्याचं ऐकायचं. आणि ते शेवटचं मेंढरू कातरीखाली असताना कारभारी जो हुकूम देईल, तो पुढच्या कातरणीपर्यंत घरावर लागू. आजवर तो कुणी मोडला नव्हता. चार वर्षांमागं माऊलीच्या थोरल्या बहिणीनं, राजनंदिनीनं, कुत्र्याला तहसीलदार म्हणायचं, असा हुकूम दिला होता. मुदत संपून तीन वर्षं झाली, तरी कुत्रं दुसऱ्या नावाला कान देत नव्हतं.

कारभारी कोण, हे मेंढी ठरवायची. दगडोबांनी काळतोंडीला, कळपाच्या म्होरक्या मेंढीला, मोकळं सोडलं. समोर तेरा वर्षांची राजनंदिनी आणि धाकटा माऊली हात पसरून उभे. मेंढी ज्याचा हात आधी चाटेल तो कारभारी.

काळतोंडी सरळ माऊलीकडं गेली आणि तिनं त्याचा तळवा चाटला. इथवर कोमलच्या मनासारखं झालं. पण मेंढी थांबेना. तळवा झाला, मनगट झालं, कोपर झालं. मग तिनं सदऱ्याची बाही तोंडात धरली आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक बोट चाटायला घेतलं.

"अरं, पोरगं हाय का लोणचं?" दगडोबा म्हणाले.

नर्मदाबाईंना ठसका लागला. राजनंदिनीनं ओढणी तोंडात कोंबली. कोमलनं सासूकडं पाहिलं, मग लेकीकडं, आणि तिला उमगलं. तळव्याला मीठ तिनं लावलं होतं, मनगटाला सासूनं आणि कोपरापर्यंत लेकीनं. तिघींनी एकमेकींना न सांगता एकच लबाडी केली होती.

"मिठाचा वास येऊन राहिला," वैजनाथ म्हणाला.

"घाम हाय त्यो," नर्मदाबाई म्हणाल्या. "मे महिना हाय बापा. तुला घाम येत न्हाई काय?"

तेवढ्यात काळतोंडी बादलीकडं गेली आणि मान वर न करता अख्खी बादली प्यायली.

वैजनाथनं बादलीकडं पाहिलं, तिघींकडं पाहिलं. पण तो नियमाचा माणूस होता. मेंढीनं चाटलं म्हणजे चाटलं. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि स्वतःच्या हातानं लेकाच्या गळ्यात घातली.

*

माऊलीला लिंबाच्या सावलीत बाजेवर बसवलं. म्होरकी मेंढी सगळ्यांत शेवटी कातरायची पद्धत, म्हणून काळतोंडीला बाजेच्या पायाला बांधलं. साठ मेंढरं, तीन कातरी: दगडोबा, वैजनाथ आणि हनुमान. हनुमान म्हणजे वैजनाथचा धाकटा भाऊ. हिंगोलीला कापडाच्या दुकानात कामाला होता आणि कातरणीला न चुकता यायचा. चाळिशीला टेकला, तरी थोरल्या भावापुढं पाय जुळवूनच उभा राहायचा.

दोन मेंढरं कातरून झाल्यावर कारभारी म्हणाला, "पाणी."

"कोणी आणायचं, कारभारी साहेब?" हनुमाननं विचारलं.

माऊलीनं खूप विचार केला.

"बाबानं."

तिन्ही कातरी थांबल्या. वैजनाथ उठला, रांजणातून तांब्या भरून आणला. माऊलीनं तांब्यात डोकावून पाहिलं.

"काडी हाय. दुसरं आणा."

हनुमान मेंढीच्या पाठीत तोंड खुपसून हसायला लागला. नर्मदाबाईंच्या हातातली लोकर वाऱ्यावर गेली. वैजनाथ मुकाट्यानं दुसरा तांब्या घेऊन आला, तेव्हा कोमलला वाटलं, लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण आजचा दिवस पाहायला मिळाला म्हणजे बरंच झालं.

मग हुकमांचा नुसता पाऊस पडला. हनुमानकाकानं बोकडाच्या आवाजात मोबाईलवर बोलायचं. त्यानं दुकानाच्या मालकाला तसाच फोन लावला, पलीकडून मालक म्हणाला, "हनुमान, तब्येत बराबर न्हाई का? उद्या बी नको येऊस," आणि काकाला एक दिवसाची सुटी मिळाली. आजीनं आबाला 'ए दगड्या' म्हणायचं.

"ए दगड्या," नर्मदाबाई लाजत म्हणाल्या.

"अजून मोठ्यानं."

"ए दगड्या!" या वेळी वाडग्यापलीकडं आवाज गेला. "कातर नीट धर! पन्नास वर्षं झाली, तुला धड कातरता येत न्हाई!"

"हे हुकमात नव्हतं," दगडोबा म्हणाले.

"हे माझ्याकडून," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांचं वय पंचवीस वर्षांनी उतरलं होतं.

कोमल रोज शेवटी जेवते म्हणून आज तिनं सगळ्यांआधी एक आंबा खायचा, तो सुद्धा बसून, असाही हुकूम झाला. ती बसली. खाता खाता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं खापर तिनं आंब्याच्या आंबटपणावर फोडलं.

*

माऊली हसत नाही, हे पहिल्यांदा राजनंदिनीच्या ध्यानात आलं.

सगळे हसत होते. शेजारच्या रानातून धुरपताबाई बांधावर येऊन, हसून, परत गेल्या होत्या. पण बाजेवरचं पोरगं मांडी घालून ताठ बसलं होतं आणि प्रत्येक हुकमानंतर ऐकणाऱ्याचं तोंड निरखत होतं. खेळताना लेकरू असं पाहत नाही. गणित तपासताना पाहतं.

तेवढ्यात वैजनाथचा फोन वाजला. प्रेमदास होता.

"हां, उद्या सहाला. बराबर सहाला. पेटी एकच हाय..."

शिट्टी वाजली. कर्कश, लांब.

"विचारून फोन घेतला का?" माऊलीनं विचारलं.

"न्हाई," वैजनाथ म्हणाला.

"काहून न्हाई?"

हा प्रश्न वैजनाथच्याच तोंडचा होता आणि त्याला उत्तर नसतं, हे त्याला इतरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"उन्हात. एका पायावर. कोकरू खांद्यावर घेऊन."

हनुमाननंच एक धडधाकट कोकरू उचलून भावाच्या मानेवर ठेवलं. कोकरानं लगेच वैजनाथचा डावा कान तोंडात घेतला आणि चोखायला लागलं. एका पायावरचा तो सहा फुटी माणूस, कानाला लोंबणारं कोकरू, भोवती भुंकणारा तहसीलदार. राजनंदिनीला हसू आवरेना. ती खाली बसली, तरी हसू थांबेना.

"हसायचं न्हाई," माऊली म्हणाला.

ती आणखी हसली.

तो बाजेवरून उतरला. बाभळीची काठी त्यानं हातात घेतली. "हात."

"घे बाबा, कारभारी," म्हणत तिनं हात पुढं केला. पहिली काठी नुसती टेकली. ती हसतच होती. दुसरी सणकन बसली. तळवा पेटला, आणि तिचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

माऊली हळू आवाजात म्हणाला, "मारताना मलाच लई तकलीफ होते. पण तुझ्या भल्यासाठी हाय हे."

आवाज नऊ वर्षांचा होता. वाक्य नव्हतं.

सगळ्यांनी वैजनाथकडं पाहिलं. वैजनाथनं एका पायावर डुलत आपल्या बापाकडं पाहिलं. दगडोबांना पाहायला कुणी उरलं नव्हतं. ते मेंढीकडं पाहत राहिले.

*

ते वाक्य दगडोबांचं होतं.

कोकरू खांद्यावर देऊन उभं करणंही त्यांचंच. वैजनाथ तेव्हा माऊलीएवढाच होता. वाशीमच्या बाजूला मेंढरं बसवली होती आणि पोराला पहाटे डुलकी लागली. लांडग्यानं एक कोकरू मारून टाकलं. दगडोबांनी वैजनाथला दिवसभर उन्हात उभं केलं, ते कोकरू खांद्यावर देऊन. माऊलीनं दिलेलं कोकरू निदान जिवंत होतं.

त्या साली कातरणीला काळतोंडीच्या आजीनं की पणजीनं वैजनाथचा हात चाटला. सगळ्यांना वाटलं, पोरगं गूळ मागेल, झोका मागेल. त्यानं दिवसभर काहीच मागितलं नाही. दगडावर बसून पाहत राहिला. शेवटच्या मेंढीला म्हणाला, "उद्यापासून काठी माझ्याकडं."

सगळे पोट धरून हसले होते. दगडोबांची छाती फुगली होती. आपलं पोरगं मर्द निघालं, असं त्यांनी गावभर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काठी देऊनही टाकली. पहिली बसली ती पाच वर्षांच्या हनुमानला. हनुमानच्या भुवईवर अजून खूण आहे. कुणी विचारलं तर तो सांगतो, आंब्यावरून पडलो.

एवढं सगळं डोळ्यांसमोर होत असताना आपण हसलो कसे, हे दगडोबांना आज कळेना.

"ए दगड्या," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या. या वेळी हुकूम नव्हता. "कातर चालव. नुसता धरून बसला."

*

दुपारी आमरस झाला. कारभाऱ्यानं आधी एकट्यानं जेवायचं ठरवलं. बाकीचे रांगेत उभे. तो चौथी वाटी पीत असताना कोमल कुरडई वाढायच्या निमित्तानं जवळ बसली.

"शेवटचा हुकूम ध्यानात हाय ना राजा?"

"बदलला," माऊली म्हणाला.

"मंजे?"

"मी जाणार हाय त्या शाळेत."

तिच्या हातातली कुरडई मोडली. "काहून रे?"

"तिथं कप्तान असतो. बाबानंच सांगितलं. कप्तानाच्या हातात रूळ असतो." मग तो तिच्याजवळ सरकला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा फुलला होता. अवघड उदाहरण सुटल्यावर फुलतो तसा. "मम्मी, तुला एक माहीत हाय का? ज्याच्या हातात रूळ असतो ना, त्याला कोणी मारत न्हाई. मी सकाळपासून पाहून राहिलो. एकदा बी न्हाई मारलं कोणी."

कोमलनं मोडकी कुरडई त्याच्या ताटात ठेवली.

"मी आधी कप्तान होणार. मग त्याच्याहून मोठा. मग अजून मोठा. मग सगळी हिंगोली माझ्या शिट्टीवर उठणार. अन् जो हसंल त्यो उन्हात."

"अन् मी?" कोमलनं विचारलं.

त्यानं वाटी चाटत विचार केला. "तुला सावलीत उभं करीन."

दहा पावलांवर वैजनाथ एका पायावर उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं. त्याच्या मनासारखं झालं होतं. पोरगं आपणहून निघालं होतं, ताठ, न रडता. अशा वेळी बापाला आनंद व्हायला हवा. वैजनाथनं आनंद शोधून पाहिला, सापडला नाही. सापडला तो वाशीमच्या बाजूचा एक दिवस, आणि खांद्यावरून येणारा वास.

कारभाऱ्यानं शिक्षा उठवली नव्हती. म्हणून वैजनाथ एका पायावर उड्या मारत, कोकरासकट, चुलीमागं गेला. तिथं कोमल, नर्मदाबाई आणि राजनंदिनी डोकी जोडून उभ्या होत्या.

"पाय खाली टेकवता येत न्हाई," तो म्हणाला. "लवकर बोला. त्याला थांबवायचं कसं?"

"अवं, तुमालाच तर पाठवायचं होतं!" कोमल म्हणाली.

"आता न्हाई पाठवायचं."

"मग सरळ न्हाई म्हणा की! तुमच्या म्होरं कोण बोलतंय?"

"शेवटचा हुकूम मोडता येत न्हाई. नियम म्हणजे..." वैजनाथ थांबला. त्याच्याच दोरीची गाठ त्याच्याच गळ्याशी आली होती. कोकरानं दुसरा कान धरला.

दगडोबा मागून आले. "हुकूम मोडायचा न्हाई," ते म्हणाले. "पण हुकूम झालाच न्हाई तर? हनुमान कारभारी होता त्या साली शेवटच्या मेंढीला झोपला होता. मेंढी कातरून झाली, हुकूम बुडाला. कारभार खतम."

"मला कोणी उठवलंच न्हाई," मागोमाग आलेला हनुमान म्हणाला. तीस वर्षांनीही त्याच्या बोलण्यात राग होता. "मी सर्कस मागणार होतो."

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. सासू-सून, बाप-लेक, भाऊ-भाऊ. या घरात इतकी माणसं एका बाजूला कधीच नव्हती.

"सात मेंढरं ऱ्हायली अन् काळतोंडी," नर्मदाबाई म्हणाल्या. "पोरानं चार वाट्या रस पिलाय. डोळे मिटून राहिला. चला!"

*

ती सात मेंढरं त्यांनी जशी कातरली, तशी त्या रानात कधी कुणी कातरली नसतील. वैजनाथ एका पायावर कातरत होता. एका मेंढीच्या पाठीवर मधोमध पायवाट पडली, एकीची निम्मी दाढी राहिली, एक पुढून कातरलेली आणि मागून थंडीतली. दगडोबा "हळू, हळू" म्हणत होते आणि सगळ्यांत जोरात तेच कातरत होते.

बाजेवर कारभाऱ्याची मान खाली जायची आणि पुन्हा दचकून वर यायची. काळतोंडीच्या दोरीचं मोकळं टोक त्यानं मनगटाला गुंडाळून ठेवलं होतं. अखेर मान खाली गेली, ती वर आली नाही.

हनुमान पोटावर सरपटत बाजेखाली शिरला. करकर, करकर. काळतोंडीच्या पोटाखालची लोकर निघाली. वैजनाथनं मागून हात घातला, पाठ निघाली. आता मान आणि शेपूट तेवढी राहिली होती. तेवढ्यात हनुमानच्या कातरीचं थंड पातं काळतोंडीच्या काखेत लागलं.

काळतोंडी उधळली. तिच्यामागं बाज निघाली. बाजेवर कारभारी.

"हुकूम!" माऊली जागा होत ओरडला. "थांबा! हुकूम हाय!"

"काय म्हणतोस?" नर्मदाबाई कानाला हात लावून, दुप्पट आवाजात ओरडल्या. "ऐकू येत न्हाई रे बाप्पा!"

बाज लोकरीच्या ढिगात जाऊन उलटली. पांढरा, काळा, तपकिरी ढग उठला. त्यातून मेंढी बाहेर आली, मग तहसीलदार, मग शिट्टी तोंडात धरलेला माऊली. शिट्टीत लोकर भरली होती. ती फुर्र करायची आणि गप्प बसायची.

"माझा हुकूम..."

"हर्रर्र! धरा! अडवा!" राजनंदिनी बोंब ठोकत त्याच्यासमोरून गेली.

"मी त्या शाळे..."

"बॅऽऽऽ!" हनुमान बोकडाच्या आवाजात ओरडला, आणि साठ मेंढरांनी त्याला एका सुरात जबाब दिला.

वैजनाथ धावत होता. कोकरू खांद्यावरून कधीच उतरून गेलं होतं, पण पाय मात्र अजून एकच टेकत होता. मग चिखलाशी आल्यावर दुसराही टेकला. पाण्याच्या टाक्याभोवतीच्या त्या चिखलात त्यानं झेप घेतली आणि काळतोंडीला कवळा घातला. दोघं लोळले. कातर दोनदा वाजली. मानेवरचा झुपका गेला. तिसऱ्यांदा वाजली आणि शेपटीवरची शेवटची बट त्याच्या हातात आली.

"झालं!" दगडोबा छाती धरून म्हणाले. "शेवटचं मेंढरू. कारभार खतम!"

कोमल सासूच्या गळ्यात पडली. हनुमान जमिनीवर बसून हसत होता, राजनंदिनी त्याच्या पाठीवर बुक्के मारत हसत होती. वैजनाथ चिखलात गुडघ्यावर, तोंडभर लोकर. तोही हसत होता. ते हसणं घरातल्यांना नवीन होतं. आवाज कोंबडा आरवायला शिकत असल्यासारखा येत होता.

माऊली ढिगाशी उभा होता. कारभार संपला, हे त्याला कळलं. आणि सकाळपासूनचा हिशेब एकदम त्याच्या चेहऱ्यावर आला: दोन तांबे पाणी, एक पाय, कोकरू, ऊन. तो चालत बापासमोर आला. शिट्टी काढून त्यानं नीट जमिनीवर ठेवली. मग दोन्ही हात पुढं केले, तळवे वर, बोटं जुळवून. डोळे मिटून घेतले.

"किती?" त्यानं विचारलं.

हनुमानचं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं.

या प्रश्नाचं उत्तर वैजनाथकडं नेहमी तयार असायचं. पाच. दहा. आज आकडा येईना. हात खाली घे, असं तो म्हणणार होता. पण तोही हुकूमच झाला असता. त्यानं मान वळवली.

"कोमल, प्रेमदासला फोन लाव. जीप नको म्हणावं."

"लावला बी," कोमल म्हणाली. तिच्या कानाशी फोन वाजत होता.

पोराचे हात तसेच होते. ऐकूनही त्यानं ते खाली घेतले नव्हते. असल्या गोष्टी बदलतात यावर त्याचा विश्वास नसावा. वैजनाथनं कातर बाजूला टाकली. आपले दोन्ही हात त्यानं लेकाच्या हातांशेजारी धरले. तळवे वर.

"तूच सांग," तो म्हणाला. "किती?"

माऊलीनं एक डोळा उघडला. बापाचे हात पाहिले. चिखल, लोकर, कातरीचे घट्टे. आईकडं पाहिलं, आबाकडं पाहिलं. यात काय डाव आहे, ते कुणाच्याच तोंडावर दिसेना. मग तापल्या तव्याला बोट लावावं तशी त्यानं बापाच्या तळव्यावर एक चापट मारली आणि धूम ठोकली.

तो थेट बांधापर्यंत पळाला. तिथं थांबून वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. बाप तसाच गुडघ्यावर होता, हात पुढं करून.

माऊली थोडा वेळ वाट पाहत राहिला. दोन पावलं परत आला.

"अवं बाबा!" तो ओरडला. "पळा ना माझ्यामागं!"

वैजनाथ उठला. दिवसभर उभा राहिलेला पाय बधिर झाला होता; तो लंगडत, घसरत, नांगरलेल्या ढेकळांतून धावायला लागला. माऊली किंचाळत पुढं पळत होता. दर चार पावलांवर तो मागं वळून बापाच्या हातांकडं पाहायचा. हात रिकामेच होते. मग तो पुन्हा पळायचा, आणि दर वेळी थोडा हळू.